खुर्चीवरचे नाव, वहीतली नोंद

कान्हेरीच्या लेण्यांत पाण्याच्या एका टाक्यापाशी चौलच्या माणसाचे नाव कोरलेले आहे. सुलसदत्त, रोहिणीमित्राचा मुलगा, राहणार चेमुल. दान पाण्याच्या टाक्याचे. चेमुल म्हणजे आपले चौल. लेख इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला आहे. त्या माणसाचे घर गेले, पेढी गेली, ज्या बंदरात तो व्यापार करत असेल ते बंदरही गाळाने भरले. पण देणारा कोण, कोणाचा, कुठला आणि त्याने दिले काय, एवढ्या चार गोष्टी नीट लिहिल्या गेल्या म्हणून तो आजही आपल्याला ठाऊक आहे.

चौलहून अलिबागकडे निघाले की नागावच्या पुढे आक्षी लागते. तिथला शिलालेख शके ९३४चा, म्हणजे इसवी सन १०१२चा असल्याचे वाचन झाले आहे आणि मराठीतला सर्वांत जुना लेख म्हणून अनेक अभ्यासक त्याचे नाव घेतात. केसिदेव राजाच्या प्रधानाने महालक्ष्मीच्या बोडणासाठी नऊ कुवली धान्य नेमून दिले, असा त्याचा आशय. म्हणजे या किनाऱ्यावर जे सर्वांत जुने मराठी टिकून राहिले, तेही एका देणगीची नोंदच आहे.

याच पट्ट्यात आज एखादे नाट्यगृह लोकवर्गणीतून उभे करायचे ठरले तर देणगीदारांच्या नोंदी कशा ठेवाव्यात? ‘एक खुर्ची तुमच्या नावाची’ ही योजना जगभर चालते. ती चांगली की वाईट, आणि चालवायची तर वही कशी असावी, यावर पुढचा संवाद रचला आहे. बोलणारे दोघे. आत्या सहकारी बँकेतून निवृत्त झालेली, गावातल्या संस्थांचे हिशेब तपासून देणारी. भाचा नोकरीनिमित्त पुण्यात, हौशी रंगभूमीवर काम करणारा, दत्तजयंतीच्या यात्रेला न चुकता चौलला येणारा. माणसे कल्पित आहेत, त्यांचा वाद मात्र कोणत्याही संस्थेच्या बैठकीत ऐकू येईल असा आहे.

भाचा : आत्या, जून २०२२मध्ये अलिबागचे पीएनपी नाट्यगृह आगीत जळाले, तेव्हा चौल-रेवदंड्यापासून मुरुडपर्यंतच्या माणसांना कळले की जवळ एक बंदिस्त नाट्यगृह असणे म्हणजे काय. मग ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांच्या काळातली, १९१५ची वास्तू, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. अशा वेळी सरकारने निधी दिला तरी लोकांनाही आपले काही द्यावेसे वाटते. किती द्यावे ते मात्र कळत नाही. खुर्ची म्हटले की कळते. समजा, सहाशे खुर्च्या आणि प्रत्येकीला दहा हजार. साठ लाख रुपये झाले, आणि सहाशे घरे त्या नाट्यगृहाची झाली.

आत्या : पैसे जमवण्याला माझी ना नाही. नाव लावण्याला आहे. आपल्याकडे नाट्यगृहाला नाव देतात ते कलावंताचे. बालगंधर्व, दीनानाथ, गडकरी, विष्णुदास भावे. गिरगावात साहित्य संघाचे नाट्यगृह १९६४ साली उभे राहिले, त्याला डॉ. अमृत नारायण भालेरावांचे नाव आहे. त्यांनी रंगभूमीसाठी आयुष्य वेचले म्हणून. उद्या तुझ्या नाट्यगृहात प्रेक्षक बसेल तो कोणाच्या तरी नावावर पाठ टेकून. सार्वजनिक जागा सहाशे जणांत वाटून टाकल्यासारखी होईल.

भाचा : पण नावे लावण्याची रीत आपलीच आहे ना? कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब बघ. खांबाखांबावर देणाऱ्याचे नाव. धेनुकाकटचे कितीतरी लोक आहेत त्यांत, काही स्वतःला यवन म्हणवणारे. आपल्या रायगडातल्याच कुड्याच्या लेण्यांत वैद्याच्या घरातली माणसे आहेत, फुले विकणारा आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, बायका आहेत. राजाने सगळे लेणे कोरून दिले असते तर यांची नावे कोणाला कळली असती? देवळाच्या पायरीवर, बाकावर, पंख्याच्या पात्यावर नाव घालतो तोच हा समाज आहे. नाव लावल्याने जागा खाजगी होत नाही. ती कोणाकोणाच्या कष्टातून उभी राहिली ते समजते.

आत्या : मग नावाशिवाय लोक देत नव्हते का? ८ जुलै १९२१ला मुंबईत बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून ‘मानापमान’ केले, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. पुढच्या खुर्च्यांचे तिकीट शंभर रुपयांपर्यंत गेले होते. त्या काळचे शंभर रुपये! खुर्चीवर नाव लागणार म्हणून कोणी ते दिले नाहीत. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला, त्यातून १९०८ला तळेगावला काचेचा कारखाना निघाला. पैसा देणाऱ्याला कुठली पाटी मिळाली?

भाचा : पाटी मिळाली नाही, पण दखल घेतली जायची. १८९५ला रायगडावरच्या शिवसमाधीसाठी टिळकांनी वर्गणी सुरू केली, तेव्हा ‘केसरी’त वर्गणीदारांच्या याद्या छापून येत. शाळेतल्या पोरांनी जमवलेले आणेसुद्धा त्यांत असत. आपण दिलेला पैसा पोचला, हे त्या यादीतून देणाऱ्याला कळे. खुर्चीवरचे नाव तेच सांगते.

आत्या : आता तू माझ्या विषयाशी आलास. ‘पोचला’ हे कोण सांगते? पितळी पाटी नाही सांगत. वही सांगते. पाटी कोणीही बनवून लावेल. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, उषवदाताचा लेख आहे. नहपानाचा जावई. त्याने तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. दोन हजार एकीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, खर्चायचे ते व्याजच. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. आता हिशेब कर. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. दमडीचा फरक नाही. शिवाय हे सगळे नगराच्या सभेत वाचून दाखवले आणि दप्तरात रीतीप्रमाणे नोंदवले, असे त्याच लेखात लिहिले आहे. रक्कम, हेतू, दर, मुदत, जाहीर वाचन, दप्तरी नोंद. तुझ्या सहाशे खुर्च्यांसाठी यातले काय काय ठरले आहे?

भाचा : एक एक्सेल फाइल करू. नाव, रक्कम, फोन, खुर्ची क्रमांक. चार रकाने पुरे. मोठा फॉर्म दिला की माणूस ‘नंतर भरतो’ म्हणून निघून जातो. मी वर्गणीसाठी फिरलोय आत्या. आग्रावला एखादी कोळीण टोपली खाली ठेवून पाचशे रुपये काढून देते, तिला मी पॅन क्रमांक विचारत बसू?

आत्या : तिला नको विचारूस. पण तिला पावती दे आणि पावतीवर तिचे पूर्ण नाव लिही. आता तुझे चार रकाने घेऊ. समजा, भोवाळ्याच्या तीन भावांनी मिळून आईच्या नावाने एक खुर्ची घेतली. पैसे तिघांचे, नाव आईचे, फोन थोरल्याचा. तुझ्या फाइलीत ‘नाव’ या रकान्यात कोणाचे नाव येणार? आईचे लिहिलेस तर करसवलतीचे प्रमाणपत्र कोणाला देशील? ते पैसे देणाऱ्यालाच मिळते. थोरल्याचे लिहिलेस तर पाटी बनवणारा त्याचेच नाव कोरून आणेल.

भाचा : मग दोन रकाने करू. देणारा आणि स्मरणार्थ.

आत्या : दोन रकान्यांनी भागत नाही, दोन वह्या लागतात. एक देणगीदारांची, एक खुर्च्यांची. खुर्च्यांच्या वहीत प्रत्येक खुर्चीला एकच ओळ: रांग, क्रमांक, मोकळी आहे, राखून ठेवली आहे की दिली आहे. बाराव्या रांगेतली सातवी खुर्ची एकदाच लिहिलेली असली की ती दोघांना देता येत नाही. देणगीदारांच्या वहीत माणूस एकदाच. आपल्या तालुक्यात पाटील, म्हात्रे, ठाकूर किती? नावही तेच, बापाचे नावही तेच असलेली दोन माणसे एका गावात सापडतील. म्हणून प्रत्येकाला क्रमांक द्यायचा आणि नावाबरोबर गाव, आळी लिहायची. मग एका माणसाने तीन खुर्च्या घेतल्या किंवा दहा जणींच्या बचत गटाने एक घेतली, तरी दोन्ही वह्यांचा मेळ बसतो.

भाचा : बचत गटाचे बरे काढलेस. मला नेमके तेच हवे आहे. एक खुर्ची, दहा बायका. पाटीवर गटाचे नाव आणि वहीत दहाही जणींची नावे. पैसेवाल्याला पुढची रांग आणि गटाला शेवटची, असे मात्र व्हायला नको. पुढच्या रांगेला पंचवीस हजार, मागच्या रांगेला पाच हजार असे दर लावण्याचा माझा विचार होता. तुझे काय म्हणणे?

आत्या : मला ते पटत नाही. नाटकाचे तिकीट जागेप्रमाणे महाग-स्वस्त असते, कारण पुढून चांगले दिसते. नावाच्या पाटीला पुढून काय दिसते? सगळ्यांना एकच दर ठेव आणि कोणती खुर्ची कोणाची ते चिठ्ठ्या टाकून सभेत ठरव. लहान पोराला चिठ्ठी उचलायला लाव. पुढच्या रांगेत कोणाचे नाव, याची चर्चाच उरणार नाही.

भाचा : त्याने मोठ्या रकमा कमी येतील.

आत्या : येऊ देत कमी. मोठी रक्कम द्यायची त्याने दहा खुर्च्या घ्याव्यात आणि शाळेच्या, वाचनालयाच्या नावे कराव्यात. पण पहिल्याच दिवशी एक गोष्ट छापून टाक: खुर्चीवर नाव म्हणजे खुर्चीवर हक्क नाही. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचे माहीत आहे ना? १८७१ला उघडला. बांधायला पैसे हवेत म्हणून शंभर-शंभर पौंडांना खुर्च्या दिल्या, त्याही ९९९ वर्षांच्या कराराने. आज दीडशे वर्षे झाली तरी बाराशेहून अधिक खुर्च्या खाजगी मालकीच्या आहेत. मालक आपल्या वाट्याची तिकिटे चढ्या भावाने विकतात, यावरून तिथे वर्षानुवर्षे वाद चालू आहे. त्या वेळी पैशाची नड भागली, पण पुढच्या हजार वर्षांची शिस्त विकली गेली.

भाचा : हक्काचे मान्य. मग नाव तरी कायमचे म्हणायचे ना? ‘आपले नाव अजरामर करा’ असे पत्रकात लिहिले की लोक पुढे येतात.

आत्या : तो शब्द पत्रकात येऊ देऊ नकोस. खुर्चीची गादी फाटते, लोखंड खाऱ्या हवेने गंजते. आपल्या किनाऱ्यावर तर लवकरच. पंधरा-वीस वर्षांनी खुर्च्या बदलाव्या लागल्या, तेव्हा जुन्या पाट्या पोत्यात भरून कोठीत टाकणार का? न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये १९७३ला एव्हरी फिशर यांनी साडेदहा दशलक्ष डॉलर दिले, म्हणून सभागृहाला त्यांचे नाव लागले. पुढे नव्याने बांधणीसाठी पैसा हवा झाला आणि नवे नाव द्यायचे ठरले, तेव्हा २०१४ला फिशर कुटुंबाला दीड कोटी डॉलर देऊन नाव सोडवून घ्यावे लागले. मग २०१५ला डेव्हिड गेफेन यांनी दहा कोटी डॉलर दिले आणि त्यांचे नाव लागले. एवढ्या मोठ्या संस्थेला कायमच्या नावाचे ओझे झाले, आपल्या गावच्या मंडळाचे काय होईल? मुदत लिही. ‘या खुर्च्या बदलेपर्यंत, किंवा वीस वर्षे, यांत जे आधी होईल तोवर.’ त्यानंतर नाव दर्शनी भिंतीवरच्या फलकावर जाईल, हेही लिही.

भाचा : बरे. आणि ज्यांना नावच नको त्यांचे? कोपऱ्यात दानपेटी ठेवू. गुप्तदान. तुला तर तेच आवडते.

आत्या : आवडते, पण पेटीत नको. देवळाच्या दानपेटीला जी मोकळीक आहे, ती नाट्यगृहाला नाही. निव्वळ धार्मिक संस्था सोडल्या, तर ज्या देणगीच्या देणाऱ्याचे नाव-पत्ता संस्थेने ठेवलेला नाही ती निनावी धरतात. अशी निनावी रक्कम एक लाख रुपये किंवा एकूण देणग्यांचे पाच टक्के, यांत जे जास्त असेल त्याच्या वर गेली की वरच्या रकमेवर तीस टक्के कर. साठ लाखांच्या मोहिमेत ही मर्यादा तीन लाखांची. गुप्तदान करायचे त्याने जरूर करावे. त्याचे नाव वहीत लिहावे, पाटीवर नाही. वहीत एक रकाना ठेव: ‘नाव जाहीर करावे का? होय किंवा नाही’. त्यापुढे देणाऱ्याची सही.

भाचा : म्हणजे गुप्तदानालासुद्धा नोंद लागते.

आत्या : त्याला जास्तच लागते. उघड दान दहा जण लक्षात ठेवतात. गुप्तदान वही सोडून दुसऱ्या कोणाला माहीत नसते. वहीने विसरले की ते संपलेच. आणि रोखीचेही ऐक. देणाऱ्याला जुन्या ८०जी कलमाची करसवलत हवी असेल तर दोन हजारांवर रोख चालत नाही. चेक, बँक किंवा यूपीआय. १९६१च्या प्राप्तिकर कायद्यात संस्थेला वर्षाच्या देणगीदारांचे १०बीडी विवरण ३१ मेपर्यंत भरावे लागायचे आणि प्रत्येकाला १०बीई प्रमाणपत्र द्यावे लागायचे. उशीर झाला की दिवसाला दोनशे रुपये. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा कायदा लागू, कलमांचे क्रमांक बदलले; पण देणारा कोण ते संस्थेने सांगितले पाहिजे, हे तत्त्व तसेच आहे. मार्चमध्ये पॅन गोळा करायला निघालास तर सहाशे घरांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील.

भाचा : म्हणून पैसे घेताना तीनच गोष्टी लिहू, नाव, पत्ता आणि रक्कम, आणि जागेवर पावती देऊ. ज्यांना करसवलत हवी आहे त्यांच्याकडून बाकीचे महिन्याभरात घेऊ. कोळणीला अडवायचे नाही आणि नोकरदाराला सोडायचे नाही.

आत्या : हे मला पटले. पण पावतीपुस्तकांची शिस्त हवी. पुस्तके क्रमांकाची. कोणते पुस्तक कोणत्या कार्यकर्त्याला, कोणत्या तारखेला दिले, याची वेगळी यादी. चुकलेली पावती फाडायची नाही. त्यावर ‘रद्द’ लिहून स्थळप्रतीसह पुस्तकातच ठेवायची. आणि कबूल केलेली रक्कम व जमा झालेली रक्कम एकत्र लिहायची नाही. सभेत माणूस उत्साहाने ‘माझ्या पाच खुर्च्या’ म्हणतो. टाळ्या पडतात. त्या टाळ्यांच्या भरवशावर कंत्राटदाराला शब्द दिला की पुढे संस्था अडचणीत येते. पाटी लावायची ती पूर्ण पैसे जमा झाल्यावर.

भाचा : यूपीआयने आलेले तर आपोआप नोंदले जातात. तिथे चूक होणार नाही.

आत्या : बँकेच्या उताऱ्यात खाते कोणाचे ते दिसते, देणगी कोणाची ते दिसत नाही. सुनेच्या मोबाईलवरून सासऱ्याची देणगी येते. म्हणून रोज संध्याकाळी उतारा आणि वही समोरासमोर ठेवून मेळ घालायचा. महिनाभर साचू दिलेस तर कोणत्या पाच हजारांचा धनी कोण, हे शोधण्यातच दिवाळी येईल.

भाचा : आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. रेवदंड्यात बेने इस्रायली समाजाचे बेथ एल सिनेगॉग आहे. त्यांची कितीतरी घरे इस्रायलला गेली, पण चेऊलकर, रेवदंडेकर ही आडनावे घेऊनच. तिकडे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघत आले. अशा एखाद्या चेऊलकरांनी आजोबांच्या नावाने खुर्ची द्यायची म्हटली, तर याहून मोठी गोष्ट कोणती?

आत्या : गोष्ट मोठीच आहे. म्हणूनच ती जपून करावी लागेल. ते इस्रायलचे नागरिक असतील तर त्यांची देणगी विदेशी ठरते. त्यासाठी २०१०च्या विदेशी अंशदान कायद्याखाली संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२०च्या दुरुस्तीपासून पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. दुबईत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलाकडे भारतीय पासपोर्ट आहे. त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी धरत नाहीत. म्हणून वहीत परदेशातल्या देणगीदारापुढे पत्ता लिहून भागत नाही, नागरिकत्वही लिहावे लागते. परवानगी नसेल तर चेऊलकरांना नम्रपणे कळवायचे की सध्या पैसे घेता येत नाहीत. पण आजोबांची माहिती, जुना फोटो पाठवा, नाट्यगृहाच्या दालनात लावू.

भाचा : एवढी माहिती जमली की ती सांभाळायची कोणी? आज कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर यादी टाकली की झाले.

आत्या : ते आधी बंद कर. पॅन, फोन, पत्ता ही देणगीदाराने तुझ्यावर विश्वास ठेवून दिलेली माहिती आहे. ती कशासाठी घेतली आणि संमती होती का, हे संस्थांनीही सांगावे अशी तरतूद २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात आहे. लोकांसमोर जाईल ती यादी वेगळी: नाव, गाव, खुर्ची. आतली वही दोघांच्या हाती, आणि तिची एक प्रत दुसऱ्या इमारतीत. नाट्यगृहे जळतात, हे आपण पाहिले. वही नाट्यगृहातच ठेवली तर दोन्ही एकदम जातील.

भाचा : आणि पाटीवरचे नाव कसे लिहायचे ते देणाऱ्याच्याच अक्षरात घ्यायचे. ‘कै.’ लावायचे की नाही, आईचे माहेरचे नाव की सासरचे, ते त्याने ठरवायचे. कोरण्याआधी कागदावरचा नमुना दाखवून सही घ्यायची. पितळेवर एकदा चुकले की त्या घराच्या मनातून ते कधी जात नाही.

आत्या : हे माझ्या यादीत नव्हते. हिशेबाच्या माणसाला रकमेतली चूक दिसते, नावातली दिसत नाही. लिहून ठेव.

भाचा : म्हणजे नावांना तुझी संमती?

आत्या : मुदतीच्या नावांना, एकाच दराच्या खुर्च्यांना आणि आधी वही, मग पाटी, या क्रमाला. कायमच्या नावांना अजूनही नाही.

भाचा : आणि मी पत्रकातून ‘अजरामर’ काढतो. पण सहाशे नावे लागलेली मला बघायची आहेत, ते सोडत नाही.

दोघांचे इथे जमले, तरी मूळचा मतभेद मिटलेला नाही, आणि तो मिटावा असेही मला वाटत नाही. भाच्याचे म्हणणे खरे आहे. नावांमुळे वर्गणी सगळ्यांची होते. वैद्य, फुलवाला, लोखंडाचा व्यापारी हे कुड्याच्या लेण्यात दिसतात ते त्यांची नावे लिहिली गेली म्हणूनच. आत्याचे म्हणणेही खरे आहे. नाव हा देणाऱ्याला दिलेला शब्द आहे, आणि जो शब्द पाळता येणार नाही तो पैशासाठी देऊ नये. माझा कौल नावांच्या बाजूने आहे, पण आत्याच्या अटींवर. देणगीदारांची नोंद हे कारकुनी काम समजून शेवटी कोणावर तरी ढकलले जाते. मोहिमेची पहिली बैठक खरे तर त्यासाठीच व्हायला हवी.

म्हणून नाट्यगृहासाठी, वाचनालयासाठी, शाळेच्या सभागृहासाठी झोळी घेऊन निघणाऱ्या प्रत्येक संस्थेला विनंती आहे. पहिली पावती छापण्याआधी विश्वस्तांच्या सभेत पाच ठराव करून घ्या. नाव किती काळ राहील. खुर्चीबरोबर कोणताही हक्क मिळत नाही. पैसे जमले पण काम झाले नाही किंवा रक्कम उरली तर तिचे काय करायचे. वही कोण ठेवणार आणि कोण तपासणार. देणगीदाराची कोणती माहिती जाहीर होईल आणि कोणती नाही. हे ठराव पावतीच्या मागे छापा. मंडळ नोंदणीकृत नसेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून कलम ४१सीखालची वर्गणी गोळा करण्याची परवानगी आधी घ्या. नोंदणीकृत असेल तर दरवर्षीचा तपासलेला हिशेब लोकांसमोर वाचून दाखवा. आणि देणाऱ्यांनो, पैसे दिल्यावर पावती मागताना संकोच करू नका. तिच्यावर तुमचे नाव, रक्कम आणि हेतू बरोबर लिहिले आहेत का, ते तिथल्या तिथे वाचून बघा. चुकले असेल तर त्याच क्षणी दुरुस्त करून घ्या.